पालकाची परवानगी

सुरुवातीलाच कबूल करतो, या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ टाइमपास म्हणून वाचत आलो. चहा पिता पिता वाचायचे, हसायचं, कामाला लागायचं. माझा धंदाच तसा आहे. मालेगाव जहांगीर आणि आसपासच्या खेड्यांत मी फायबर इंटरनेटची कनेक्शनं जोडून देतो. राउटरचा लाल दिवा लागला की कुठेतरी केबल तुटलेली असते, उंदरानं कुरतडलेली असते नाहीतर जेसीबीनं उखडलेली असते. फॉल्ट शोधला की सापडतोच. इतक्या वर्षांत एकच फॉल्ट मला सापडलेला नाही, तो इथे लिहितोय. माणसांची नावं बदलली आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसं.

माझी मोठी बहीण नंदाताई किन्हीराजाला दिलेली. भाऊजी ट्रकवर असतात, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. ताईच्या घराला भिंतीला भिंत लागून सखूमायचं घर आहे. सखूमाय आमच्या नात्यातली नाही, शेजारीण आहे. पण तिच्याबद्दल आधी सांगायला हवं.

ताईची पहिली दोन बाळं गेली. मुलगा नवव्या दिवशी, त्यानंतरची मुलगी अकराव्या दिवशी. दोघांचंही बारसं झालं नाही, त्यामुळे दोघांनाही नाव नाही. तिसरी तन्वी झाली तेव्हा घरच्या म्हाताऱ्या बायांनी जुना उपाय केला. बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे सखूमाय तिकडून आली, "कोनाचं लेकरू हाय वो हे?" असं मोठ्यानं विचारत तिनं सूप उचललं आणि मग सांभाळायला म्हणून ताईच्या ओटीत दिलं. म्हणजे पोरगी सखूमायची, ताई नुसती वाढवणारी. लेकरं न्यायला जे कोणी येतं त्याला वाटावं, या बाईकडं आता न्यायला काही नाही. अशा मुलांना आमच्याकडं उकंडा, उकंडी म्हणतात. तन्वी शाळेत तन्वी आणि घरात उकंडी.

अट एकच. पोरीला बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत आईनं आपल्या तोंडानं 'ही माझी' म्हणायचं नाही. शाळेचे, आधारचे कागद भाऊजींनी भरले. कोणी विचारलं की ताई म्हणायची, "सखूमायची हाय. मी सांभाळून राह्यली." दहा वर्षं हेच! मला भयंकर चीड यायची. पहिली दोन बाळंतपणं घरी केली, वेळेवर दवाखाना दाखवला नाही म्हणून बाळं गेली, हे माझं ठाम मत होतं... आजही आहे.

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. माझं एक गिऱ्हाईक बदली होऊन पुण्याला गेलं, त्याचा गेमिंग कन्सोल मी घेतला होता. तन्वी तासन् तास मोबाइलवर दुसऱ्यांचे गेम बघत बसायची. तिच्यासाठी तो घेऊन गेलो. ताईनं ओवाळलं, जेवणं झाली आणि भर दुपारी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. वायरी जोडल्या, राउटरवरून केबल दिली. अपडेट उतरायला तासभर लागला. तोवर तन्वीनं मला वीस वेळा विचारलं असेल, "मामा, आता झालं?"

ऑनलाइन खेळायचं तर त्या सर्व्हिसची वर्षाची मेंबरशिप घ्यावी लागते आणि त्यासाठी खातं लागतं. तन्वीची जन्मतारीख टाकली तसा कन्सोल अडला. मूल लहान आहे, पालकाची परवानगी हवी. पालकानं आपलं खातं काढायचं, एक 'फॅमिली' तयार करायची आणि मुलाला तिच्यात घ्यायचं.

ताई म्हणाली, "सखूमायचं नाव टाक."

इथं मी माझं नाव टाकू शकलो असतो. मामा आहे, सहज चाललं असतं. पण मला ताईची खोड मोडायची होती. मी म्हणालो, "सखूमायच्या डबड्या फोनवर हे होते का? आन् मशीनले कायले घाबरतं तू? ते काय उकिरड्यावरून आलं?"

"तसं नाही रे गजू..."

"मग कसं? तुही पोरगी हाय का नाही? दाब बटन."

तन्वी हातात कंट्रोलर घेऊन आईच्या तोंडाकडं बघत होती. कोणत्या आईला ते बघवेल? ताईनं तिच्या फोनवर आलेला ओटीपी मला सांगितला. 'मी या मुलीची आई आहे' यावर टिक केली. मग हेडफोनच्या माइकची टेस्ट आली, काहीतरी बोला म्हणून. मी हेडफोन ताईच्या डोक्यावर चढवला आणि म्हणालो, "बोल, मी तन्वीची माय हाय."

ताई हळूच म्हणाली, "मी तन्वीची माय हाय." मग जरा मोठ्यानं, हसत, पुन्हा एकदा म्हणाली. दहा वर्षांनी म्हणत होती ना... तिचा चेहरा असा फुलला होता की मला स्वतःचा अभिमान वाटला.

मेंबरशिप सुरू झाली. फॅमिलीचं पान उघडलं. नंदा, पालक. तन्वी, मूल. आणि त्यांच्याखाली आणखी दोन ओळी होत्या. या फॅमिलीत येण्यासाठी दोन विनंत्या आल्या होत्या, दोन्ही लहान मुलांच्या खात्यांवरून. नावाची जागा कोरी, फोटोच्या जागी करडा गोल, आणि पुढे जन्मतारखा.

मला वाटलं, आधीच्या मालकाचं काहीतरी राहिलं असेल. मी दोन्ही नाकारल्या.

ताई उठून उभी राहिली होती. "गजू, त्या तारखा..." एवढंच म्हणाली. मला भाच्यांच्या तारखा कुठं पाठ असणार? पण ज्या बाईच्या पोटी ते झाले तिला त्या कशा विसरता येतील?

तेवढ्यात हेडफोन घालून बसलेली तन्वी म्हणाली, "मामा, हे कोन रडून राह्यलं?"

मी हेडफोन ओढून कानाला लावला. तान्ह्या बाळाचं रडणं. एक थांबलं की दुसरं. हाताला सवय, मी आधी नेटची केबल उपसली. रडणं चालूच. मग कन्सोलचा प्लग काढला, हेडफोनची पिनही उपटली. हेडफोनची वायर हवेत लोंबत होती आणि माझ्या कानात दोन बाळं रडत होती. मी तो फेकून दिला.

संध्याकाळपर्यंत तन्वी तापानं फणफणली. आधी औषधाच्या दुकानातली गोळी दिली, सकाळी तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून मालेगावला दवाखान्यात आणलं. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, व्हायरल असेल. पण मला त्या पोरीकडं बघवत नव्हतं. दहा वर्षांची मुलगी पाय पोटाशी घेऊन, अंगठे आत दाबून मुठी आवळून पडली होती. हाक मारली तर बघत नव्हती. आणि रडायची ती शब्द नसलेलं, तान्ह्यासारखं. शेजारच्या खाटेवरची बाई आपली खाट बदलून घेऊन गेली.

ताई तिच्या उशाशी बसून होती. मी आणलेला चहा तिनं खाटेखाली सरकवला. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

आता जे लिहितोय ते आजवर ताईलाही सांगितलेलं नाही. कन्सोल जोडताना ताईचं खातं मी माझ्याही फोनमधल्या अॅपवर उघडून ठेवलं होतं. दुपारी मी दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना त्याच दोन विनंत्या पुन्हा आल्या. मी नाकारल्या. आतून ताईची किंकाळी आली. तन्वीला झटका आला होता. नर्स धावली, इंजेक्शन दिलं, पोरगी निपचित पडली. थोड्या वेळानं विनंत्या पुन्हा आल्या. माझं डोकं लाइनमनचं. फॉल्ट खरा की योगायोग, हे तपासायचं तर तेच पुन्हा करून बघायचं. मी दारात उभं राहून, तन्वीकडं बघत, मुद्दाम 'नाकारा' दाबलं.

तिचं अंग धनुष्यासारखं वाकलं. माझ्या हातातला फोन खाली पडला. मला स्वतःची इतकी घृणा कधीच वाटली नव्हती.

मी सरळ किन्हीराजाला गेलो आणि सखूमायसमोर सगळं ओकलो, दवाखान्यात दाबलेलं 'नाकारा' सोडून. म्हातारी चूल सारवत होती. मातीचे हात तसेच धरून ऐकत राहिली.

"माही पोरगी तिची म्हनून कोनं सांगतलं?"

"मी म्हनायले लावलं, माय."

"कायले?"

म्हातारीनं हात धुतले, लुगडं सारखं केलं आणि माझ्या गाडीवर मागे बसली. वाटेत एवढंच बोलली, "जिथं चूक केली तिथंच दुरुस्त कर. त्या मशिनीत माहं नाव टाक."

दवाखान्यात पोचल्यावर मी तिच्या नंबरवर खातं काढलं. तिच्या डबड्या फोनवर ओटीपी आला, तो मी वाचून भरला. नवी फॅमिली. पण तन्वीला तिकडे घ्यायचं तर आधी जुन्या फॅमिलीतून काढावं लागतं आणि ते आईच्या खात्यातूनच करता येतं. स्क्रीनवर प्रश्न आला, या मुलीची जबाबदारी तुम्ही सोडत आहात का?

मी फोन ताईपुढं धरला. तिनं तो प्रश्न माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग तन्वीच्या कपाळावरचा हात उचलून तिनं 'हो' दाबलं. "माही नाही ते," ती भिंतीकडं बघून म्हणाली. "सखूमायची हाय." तो आवाज मी विसरू शकत नाही.

सखूमायनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं. "उकंडे, वो उकंडे. मी तुही माय. उकिरड्यावर सापडली तू मले."

तन्वीच्या मुठी लगेच उघडल्या नाहीत. आम्ही तिघं त्या मुठींकडं बघत बसलो. मग एकेक बोट सुटत गेलं.

आणि माझ्या हातातल्या फोनवर ताईच्या रिकाम्या फॅमिलीत त्या दोन विनंत्या पुन्हा आल्या.

ताईनं फोन ओढून घेतला. मी म्हणालो, "ताई, नको. काय हाय ते मले माहीत नाही."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "एकदा हाकलले तू त्यायले. आता नको हाकलू." तिनं आधी एकावर, मग दुसऱ्यावर 'मान्य' दाबलं.

रात्रीपर्यंत ताप उतरला. दुसऱ्या दिवशी तन्वीनं उठून मला पहिला प्रश्न विचारला, "मामा, गेम चालू झाला का?"

आता तन्वी सखूमायच्या खात्यावर खेळते. खेळायचा वेळ वाढवून हवा असेल तर परवानगी सखूमायकडं मागावी लागते. मी तिला माझा जुना स्मार्टफोन दिलाय आणि म्हातारी इतकी कडक निघाली आहे की तन्वी वैतागते.

राहिली ताईची फॅमिली. या सर्व्हिसमध्ये दर आठवड्याला पालकाला रिपोर्ट येतो, मुलं किती वेळ खेळली त्याचा. ताईच्या खात्यावर कोणताही कन्सोल जोडलेला नाही. मी चारदा तपासलं. तरी दर रविवारी रिपोर्ट येतो. दोन कोरी नावं आणि पुढे वेळ. कधी चाळीस मिनिटं, कधी दोन तास. दोघांचा नेहमी सारखा. ताई त्या दिवशी फोन करते आणि एकच विचारते, "खेळले का रे?" मी सांगतो, "खेळले." तिला बरं वाटतं. मी मात्र रविवार जवळ आला की फोन उलटा करून ठेवतो. मेंबरशिप बंद करायचं बटण कुठं आहे हे मला माहीत आहे. ते दाबल्यावर काय होईल हे माहीत नाही, म्हणून गुपचूप मुदत वाढवत राहतो.

हॅकिंग म्हणावं तर त्या तारखा कुठल्याच कागदावर नव्हत्या. योगायोग म्हणावं तर तो मी स्वतः तपासून पाहिलाय. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. कोणाकडं असेल तर खरंच सांगा.

गेल्या महिन्यात तन्वीला बारा वर्षं पूर्ण झाली. सखूमायनं तिच्या हातात नारळ देऊन तिला ताईच्या दारात आणून उभं केलं आणि म्हणाली, "घे वो नंदा, आता तुही पोरगी तुले."

ताईचे डोळे भरून आले. तिनं दोन्ही हात पुढं केले, तोंड उघडलं... आणि तिच्या फॅमिलीत आधीच असलेली ती दोघं आठवून मी, ज्यानं दोन वर्षांपूर्वी तिला हसत हसत बोलायला लावलं होतं, धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.