पाचवीचा दिवा

एकही खोटं वाक्य न लिहिता माणूस खोटारडा होऊ शकतो का? तुम्ही काय म्हणाल मला माहीत नाही. मी होऊन दाखवलं आहे. आणि हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही — मी, जो रस्त्यातल्या खड्ड्यावरही पत्रक काढतो.

पत्रकांवरच वाढलो मी. पोशीरच्या आमच्या घरी बाबा ओटीवर गठ्ठे आणून टाकायचे आणि शाळेतून आलो की मी घड्या घालायला बसायचो. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मला फार लवकर वाचता यायला लागले. त्यामुळे पळसदरीच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत विजेचे खांब पोचत नाहीत, खालच्या फार्महाऊसच्या फाटकाशीच थांबतात, हे दिसल्यावर मी दुसरं काय करणार? पत्रक काढलं. खांब आले नाहीत. एका संस्थेने बालवाडीच्या छपरावर सोलर बसवून दिलं, आत बॅटरीची पेटी ठेवली, आणि घरटी एक बल्ब. मी तिथे संध्याकाळचा वर्ग घ्यायचो, अधूनमधून मुक्कामही करायचो. बालवाडीची किल्ली माझ्याकडे असायची. नियमही मीच सांगितला होता — पेटीवर बल्ब आणि मोबाईल. बाकी काही नाही.

आता खेळाचं सांगतो. हसू नका — किंवा हसा, माझी हरकत नाही.

पत्रकं लिहायला घेतलेल्या लॅपटॉपवर मी एक खेळ टाकला होता. समुद्राच्या तळाशी तुमचं एक घर. वरून झिरपणाऱ्या उन्हावर दिवसा वीज होते, रात्री बॅटरीत साठवलेली पुरवायची. वीज संपली की घरातली हवा संपते आणि तुम्ही गुदमरून मरता. म्हणून रात्र पडली की एकेक यंत्र बंद करत जायचं. पाणी गाळायचं यंत्र बंद. शोधयंत्र बंद. दिवे बंद. हवा तेवढी चालू. मी यात पटाईत झालो होतो. जिच्यावर एकही खरा बल्ब जळला नाही, अशी ती वीज मी काटकसरीने वापरत होतो — आणि लॅपटॉपची वायर? ती वाडीच्या पेटीत.

सोमीला मुलगा झाला त्या आठवड्यात मी वाडीवरच होतो. सोमी म्हणजे वाडीतल्या बुधीआईची सून, माझ्याच वयाची. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून त्या रात्री बाळंतिणीच्या घरातला दिवा विझू द्यायचा नाही. रॉकेल रेशनवर मिळेनासं झालेलं. बुधीआई गोडेतेलाचा दिवा लावणार होती. मीच म्हटलं, बल्ब ठेवा की रात्रभर. सटवाईला लिहायला उजेड नको का नीट?

बायका खूप हसल्या. बुधीआई म्हणाली, “मास्तर, तुमी सटवाईला बी वर्गात बसवाल रं!”

पण ऐकलं तिनं माझं. तेलाचा दिवा लावला नाही. मी त्यांच्याकडे घुगऱ्या खाल्ल्या, बाळाच्या मुठीत बोट दिलं आणि बालवाडीत येऊन लॅपटॉप उघडला.

म्हणजे मला माहीत होतं. कुठल्या घरात, कशासाठी बल्ब जळतोय, हे मला पक्कं माहीत होतं. विसरलो असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही.

मध्यरात्र उलटल्यावर पेटी वाजायला लागली. बॅटरी उतरली की ती तशी वाजते — टीं, टीं — आणि लाल दिवा लागतो. तो आवाज मी ऐकला. तेव्हा खेळातही रात्र होती, माझ्या घरातली हवा संपत आली होती, आणि पहाटेपर्यंत तगलो तर तगलो, अशी वेळ. मी काय केलं? वायर काढली? नाही. उठलो आणि वर्गातली सतरंजी त्या पेटीवर टाकली. आवाज दबला.

थोड्या वेळाने पेटी बंद पडली. लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालूच राहिला. खेळात उजाडलं, पाण्यातून ऊन खाली आलं, वीज भरायला लागली. मी जिंकल्यासारखा झोपलो.

बाकीची वाडी बल्ब बंद करून निजली होती. अंधार झाला तो एका घरात. सोमीने अंधारात चाचपडत बटण वरखाली केलं असणार. सकाळी ते बंद सापडलं. तोवर उन्हाने पेटी पुन्हा चालू झालेली. बुधीआईने बटण दाबलं आणि बल्ब लागला.

ती माझ्याकडे आली. “मास्तर, रातीला लाइट गेलती का?”

मागे सोमी त्यांच्या घराच्या दारात उभी होती, बाळाला घेऊन. “आई, मी नाय इझवला. आपसूक गेला.”

मी म्हणालो, “पेटी तर चालू आहे.”

बघा — खोटं बोललो का? पेटी चालूच होती.

ते बाळ श्रावणात तापाने गेलं, कर्जतला नेता नेता. दिव्यामुळे नाही. ते मला तेव्हाही ठाऊक होतं, आजही आहे. पण वाडी म्हणाली, हिनंच दिवा इझवला, सटवाई लिहिल्याबिगर माघारी गेली. सोमीला खालापूरकडे माहेरी धाडलं. परत कुणी आणलं नाही.

मग मी पत्रक काढलं. ‘दिवा विझल्याने मूल मरत नाही.’ जळजळीत लिहिलं. अंधश्रद्धेवर, बाईवर दोष ढकलणाऱ्या समाजावर. कर्जत स्टेशनबाहेर वाटलं, लोकांनी पाठ थोपटली. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त दिवा कुणी विझवला, ते त्यात नव्हतं. एवढ्या खऱ्या वाक्यांच्या मागे किती निवांत लपता येतं, तुम्हाला कल्पना नाही.

गेल्या उन्हाळ्यात वर गेलो आणि बुधीआईला सगळं सांगितलं. लॅपटॉप, खेळ, सतरंजी. ती नाचणी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “खेळानं दिवा खाल्ला? खेळ काय उंदीर हाय?” मग म्हणाली, “तुमी तवाबी तिच्याच बाजूनं कागद वाटलं. आताबी तिच्यासाठीच बोलताव. चांगलं हाय. पन झालं ते झालं.”

माझं खरं तिला माझ्या चांगुलपणातलं खोटं वाटलं. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं सुपातले खडे काढले, मला पाणी दिलं. सोमीचं नाव तिनं घेतलं नाही. खाली उतरताना बालवाडीच्या दारातून मला ती सतरंजी दिसली. मुलं तिच्यावर बसली होती.

माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण तुम्ही पळसदरीच्या धरणावर येता, वरच्या वाटेने डोंगरात शिरता, वाडीत कुणाच्या तरी ओट्यावर बसून पाणी मागता. पाणी प्यायल्यावर एवढंच सांगा — कुणालाही, पण मोठ्याने — सोमीनं दिवा नाय इझवला.