लोलक नको म्हणाला

मला मुळातच नसत्या चौकशांची खोड. मेलेली माणसं कुठे जातात, तळहातावरच्या रेषा खऱ्या की खोट्या, हे प्रश्न भाजी निवडतानाही माझी पाठ सोडत नाहीत. मुलं मोठी झाली, मनवेलपाड्यातल्या घरात दुपारी मोकळा वेळ मिळायला लागला, आणि मी एकेक करून सगळं धुंडाळलं. टॅरो झालं, चक्रं झाली, मोबाइलवर मागच्या जन्मात नेणारं ध्यानही करून पाहिलं. त्यात मला छान झोप लागली. आमचे हे हसायचे. तुझं चालू दे, मला फक्त चहा वेळेवर मिळू दे म्हणायचे.

मग शेजारणीबरोबर भुईगावच्या एका बंगल्यात लोलकाच्या वर्गाला गेले. दोऱ्याला टांगलेला स्फटिक बोटांत धरायचा आणि मनात प्रश्न विचारायचा. गोल फिरला तर हो, आडवा झुलला तर नको. हरवलेलं कानातलं त्याने सांगितलेल्या खोलीत सापडलं आणि माझा विश्वास बसला. पुढे मासळी कुठली आणायची, हळदीकुंकवाला कुणाकडे जायचं, सगळं मी त्यालाच विचारायला लागले. विचारल्याशिवाय पाऊल उचलेना.

अशात ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि फार थांबू नका म्हणून बजावलं. त्या दुपारी मी लोलक धरला. तो आडवा झुलला. पुन्हा विचारलं, पुन्हा आडवा. ह्यांना सांगितलं, तर एरवी थट्टा करणारा हा माणूस चक्क "मग थांबू या" म्हणाला. घाबरलेल्याला निमित्तच हवं असतं. ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. हे जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचे, मी मागे उभी राहून त्यांचा श्वास ऐकायचे, आणि घरात शिरले की पुन्हा लोलक. ऑपरेशन केलं तरी आपल्या हातून वाईट होणार आणि नाही केलं तरी होणार, असं वाटून अन्न गोड लागेना.

शेवटी वर्गाच्या बाईंनाच विचारावं म्हणून भुईगावला गेले. बंगल्याला कुलूप. परत फिरताना मी एका वाडीतल्या लहानशा देवळाच्या पायरीवर बसले. वाडीची मालकीण, एक म्हातारी, देवीला फुलं वाहत होती. तिने पाणी आणून दिलं, काय झालं विचारलं, आणि मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. लोलक तिच्यासमोर धरूनही दाखवला. पुन्हा आडवा.

तिने त्याला हातही लावला नाही. "बाय, आपला कौल कोनी आपल्याच हातानं लावतं का? हात तुजा, भीती पन तुजीच. तो नकोच म्हननार."

मी कोकणातली, माहेरी कौल लहानपणापासून पाहिलेला. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पण लावणार गुरव. ज्याची अडचण, त्याने हात जोडून लांब उभं राहायचं. हे ठाऊक असून मला कसं सुचलं नाही कोण जाणे. मी तिचे पाय धरले, म्हटलं, आजी, मग तुम्ही लावा माझ्यासाठी. तिने साफ नाही म्हटलं. डॉक्टरने सांगितलंय ना, मग तेच पुन्हा देवीला विचारून तिला कशाला दमवायचं, असं तिचं म्हणणं. "विचारू नको. नुसतं सांग तिला, नि घरी जा."

मी डोळे मिटले, म्हटलं, आई, ह्यांना सांभाळ. डोळे उघडले, तेवढ्यात देवीच्या डाव्या खांद्यावरचं फूल घरंगळून खाली आलं.

डावं! मी नुसतं बोट दाखवलं. म्हातारीने फूल उचललं, माझ्या केसांत खोवलं. "तू काय विचारलं होतंस का? नाय ना? मग फूल पडलं. फुलं पडतातच."

मला हसू आलं की रडू, आजही सांगता येणार नाही. रिक्षातूनच हॉस्पिटलला फोन केला आणि मिळेल ती पहिली तारीख मागितली.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ह्यांनी माझा हात धरला. हळूच म्हणाले, "काय म्हणतो गं तुझा लोलक?"

"विचारलंच नाही," मी म्हटलं. "आईवर सोडलंय."

त्यांनी हात घट्ट दाबला. दार बंद झालं. बाहेरचे ते तास कसे काढले, माझं मला माहीत. भीती पुरेपूर होती, फक्त मी तिच्यासाठी उत्तर शोधत नव्हते. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले, आणि आणखी थांबला असतात तर अवघड होतं, हेही सुनावलं.

ओटी भरायला आम्ही दोघं भुईगावला जाऊन आलो. त्या दिवशी बंगल्याला कुलूप का असावं, नेमक्या त्याच पायरीवर मी का बसावं, याचा शोध मी घेतलेला नाही. माझ्यासारख्या चौकस बाईला एक गोष्ट न विचारता राहता आलं, हीच मला आईची मोठी कृपा वाटते. भीती अजूनही येते. आली की हात जोडते, जे आहे ते तिला सांगते, आणि उठून ह्यांचा चहा टाकते.