गुरुवारी फोटोत येणारी बाई

आधीच सांगतो, मी क्वालिटीचा माणूस आहे. चाकणच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं पार्ट तपासतोय. मापात बसलं तर ओके, नाही बसलं तर रिजेक्ट, एवढाच माझा धर्म. या कॉलममधले लोकांचे गूढ अनुभव मी जेवताना बायकोला, मनीषाला, वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती स्वयंपाकघरातून हसतेय. हसू दे.

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला मी एक जुना कॅमेरा घेतला आणि वैशाली मॅडमच्या फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला लागलो. नियम साधा – वर्षभर दर आठवड्याला एक विषय, एक फोटो. बावन्न आठवडे, खाडा चालणार नाही. आमची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे दर गुरुवारी सकाळी मी स्कूटर काढायचो. चिंचवड स्टेशनचा पूल, आळंदीचा घाट, चाकणचा कांद्याचा बाजार, तळवड्याला कंपन्यांच्या भिंतींवर चढलेले वेल... ज्या रस्त्यांवरून इतकी वर्षं पंचिंगची वेळ गाठायला नुसता पळालो, ते रस्ते पहिल्यांदा नीट बघितले. सुरुवातीचे फोटो भयंकर होते, सगळं मधोमध, पासपोर्टला काढल्यासारखं. मग हळूहळू कळत गेलं – ऊन तिरकं असताना जायचं, थांबायचं, घाईने बटण दाबायचं नाही. चाळिशी उलटल्यावर काहीतरी नवीन जमायला लागलं की माणूस किती खूश होतो ते मी शब्दांत सांगू शकत नाही. कंपनीच्या बसमध्ये मी शिट्टी वाजवायला लागलो होतो.

घरात मात्र एक घोर होता. आई. बाबा वारल्यावर तिला दापोडीच्या चाळीतून आमच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये आणलं, नवव्या मजल्यावर. सहा वर्षं झाली, पण तिला इथे करमलंच नाही. दिवाळीनंतर तिने जाहीर करून टाकलं की पुढच्या पाडव्याला ती गावाला जाणार, बीडकडे, कायमची. गावाला काय आहे? एक खोली आणि तिला लावलेलं कुलूप. वय बहात्तर, बीपीच्या गोळ्या चालू. मी समजावलं, मनीषाने समजावलं, एकदा तर मी चिडून ताटावरून उठलो. ती शांतपणे म्हणाली, "इथं मला नावानं हाक मारणारं कोण हाय? एक कुसुम व्हती, तीबी गेली."

कुसुममावशी म्हणजे चाळीतली आमची शेजारीण. पंचवीस वर्षं दोघींची दारं समोरासमोर. आम्ही मोशीला आलो, नंतर ती चाळ पाडली, जो तो पांगला, फोन नंबर बदलले. चार वर्षांपूर्वी आई तिला शोधायला दापोडीला गेली तेव्हा गिरणीवाल्याने सांगितलं, कुसुम गेली. आईने घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली.

आता माझी खोड सांगतो, कारण सगळं तिच्यामुळे झालं. पार्ट कापला की त्याच्या कडेला धातूची एक बारीक धारदार किनार उरते, तिला आम्ही बर म्हणतो. ती काढल्याशिवाय पार्ट पुढे जात नाही. मी फोटोंचीसुद्धा बर काढायचो. कडेला कोणी पाठमोरं आलं, कुणाचा हात आला, की मोबाईलवर घ्यायचो आणि बोटाने पुसून टाकायचो. फोटो एकदम चकाचक. सत्तेचाळिसाव्या आठवड्यात मॅडमनी फोन केला. म्हणाल्या, तुमचे फोटो खूप सुधारलेत, पण त्यांत कोणी राहत नाही. न पुसलेले पाठवा बरं.

म्हणून एका दुपारी मी सगळे मूळ फोटो लॅपटॉपवर उघडले आणि सवयीप्रमाणे मोठे करून कडा तपासल्या. चिंचवडच्या पुलावर, उजव्या कोपऱ्यात एक बाई. ठेंगणी, हिरव्या साडीतली, एक हात कमरेवर, दुसरा कपाळावर आडवा – ऊन लागू नये म्हणून धरतात तसा, त्यामुळे चेहरा सावलीत. आळंदीच्या घाटावर तीच. कांद्याच्या बाजारात तीच, गोण्यांच्या मागे. वेगवेगळे महिने, वेगवेगळी ठिकाणं, एकूण अकरा फोटो. अकराही वेळा मी तिला रिजेक्ट करून पुसलं होतं आणि एकदाही तिचा चेहरा बघितला नव्हता. प्रत्येक फोटोत ती कुणाला तरी शोधत असल्यासारखी दिसत होती.

आई शेजारी मटार सोलत होती. तिने सहज मान वळवली आणि हातातली शेंग तशीच राहिली.

"ही कुसुम हाय," ती म्हणाली.

 मला लॅपटॉप बंद करायचा होता, पण आईने करू दिला नाही. तिने चष्मा पुसला आणि एकेक फोटो पुन्हा लावायला सांगितला. ती घाबरली नव्हती. उलट इतकं टवटवीत मी तिला सहा वर्षांत बघितलं नव्हतं. शेवटी तिने पडद्यावर बोट ठेवलं. "मेलेल्याची सावली पडत न्हाई म्हणत्यात. हिची बघ केवढी पडलीय." मी तपासलं. सावली बरोबर होती, बाकीच्यांची ज्या दिशेला होती त्याच दिशेला.

पुढच्या गुरुवारी आम्ही दापोडीला गेलो. गिरणीवाला तोच होता, फक्त जास्त पांढरा झालेला. आईने विचारलं तर त्याने पट्टा थांबवून आमच्याकडे बघितलं.

"गेली व्हती की. लेकीकडं, आळंदीला. दोन वर्सांनी आली परत, हितं मागच्याच गल्लीत ऱ्हाते. तुमी पुढचं ऐकलंच न्हाई, पदर तोंडाला लावला अन् निगून गेला."

मी आईकडे बघितलं. एका 'गेली'पायी बाईने चार वर्षं सुतक मनात धरलं होतं. ती मागच्या गल्लीकडे चालायला लागली, आणि मला तिच्या मागे अक्षरशः पळावं लागलं.

मावशी पहिल्या मजल्यावर खिडकीपाशी कॉटवर पडलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, पंधरा महिने जिना उतरलेला नाही. दोघींनी एकमेकींना बघितलं आणि आधी आईच बोलली, "तुझ्या नावानं आंघोळ केली गं मी." मावशी इतक्या हसल्या की कॉट करकरायला लागली. मग दोघी रडल्या, मग पुन्हा हसल्या, आणि दुखण्यात बघायला आळंदीहून येऊन राहिलेल्या मावशींच्या मुलीने चहा ठेवला. मीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

फोटो दाखवावेत की नाही, मला धीर होत नव्हता. आईनेच मोबाईल काढून घेतला आणि दाखवले. मावशींना काही नवल वाटलं नाही. त्यांनी सगळे फोटो बघितले आणि मग माझ्याकडे रोखून बघत राहिल्या.

"गुरवारी सकाळी मालिशवाली येती," त्या म्हणाल्या. "ती गेली की डोळा लागतो अन् मी चालाय जाते. पाय दुखत न्हाईत. तुझ्या आईला हुडकत फिरते. अन् जाईल तितं एक माणूस डोळ्याला डबडं लावून उभा. म्हनलं ह्याला इचारावं, पन् बाबाचं ध्यानच न्हाई. जवळ गेले की झोप मोडायची." मग म्हणाल्या, "तो तू व्हतास व्हय रं."

मी शेवटी क्वालिटीचा माणूस. मुलीकडून एक्स-रे मागून घेतला, तारीख बघितली – माझ्या पहिल्या फोटोच्याही आधीची. मालिशवालीला फोन केला – गुरुवारी साडेनऊला येते, दहाला जाते. कॅमेऱ्यातली वेळ काढली. अकराही फोटो गुरुवारचे, दहा ते अकराच्या मधले. कंपनीतला एक मित्र म्हणतो, तिच्यासारखी दिसणारी दुसरी बाई असेल. असेल. पण अकरा वेळा, चाकणपासून चिंचवडपर्यंत, त्याच साडीत? शिवाय मावशींच्या स्वप्नातला तो डबडंवाला कोण होता, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. त्या भेटीनंतरच्या फोटोंत ती बाई पुन्हा आली नाही. बावन्नावा फोटो त्या दोघींचा काढला. आई हसताना हलली म्हणून तो जरासा फिसकटलाय, पण मॅडमनी वर्षातला सगळ्यात चांगला म्हणून तोच निवडला.

पाडवा झाला. आई गावाला गेली नाही. रोज सकाळी डबा घेऊन भोसरीला बस बदलत दापोडीला जाते आणि दिवेलागणीला येते, आणि आम्हीच तिला शोधत असतो. मी अजून अधूनमधून ते अकरा फोटो उघडून बसतो. काही सापडत नाही. परवा आईने मला तसं बसलेलं बघितलं, चपला घालता घालता दारात थांबली आणि म्हणाली, "ती हुडकत व्हती, मी घावले. आता तुला काय हुडकायचं हाय?"