जाब्रियातला व्हायोलिनवाला देवदूत

नाशिकहून निघताना आईनं पिशवीत कुंकवाचा करंडा टाकला. "ऑपरेशनआधी देवाला लाव," म्हणाली. कुवेतच्या विमानतळावर भाऊजी घ्यायला आले होते. ते इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर. एरवी भारी बोलका माणूस, पण गाडीत अवाक्षर काढेना. बाहेर वाळू आणि आकाश एकाच मातकट रंगाचं. जाब्रियात, त्यांच्या वस्तीत, शिरल्यावर एवढंच म्हणाले, "परवा हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि तुझी बहीण नको म्हणतेय."

आक्का फार वाळली होती. उशाशी एक जुनं काळंपांढरं चित्र टेकवलेलं. डोळे मिटून पडलेला दाढीवाला साधू आणि त्याच्यावर ओणवा झालेला पंखवाला कोणीतरी. न्यायला आलेल्या दूताचं चित्र आजाऱ्याच्या खोलीत ठेवतं का कोणी? आक्काचा डोळा लागलेला पाहून मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची फिलोमिना आली. मूळची वसईची, इथल्या मुस्तश्फात (इस्पितळात) नर्स. चित्र तिचंच होतं. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेलं, युरोपातलं. तिच्या घराण्याकडून ते आजाऱ्यांच्या उशाशी फिरतं.

पालथं चित्र बघून ती रागावली नाही. "ताई, हा संत मरत नाहीये. दुखण्यानं टेकीला आलाय. देवदूताच्या हातात काय आहे बघा."

दाट रेघांच्या अंधारात व्हायोलिन होतं.

"न्यायला नाही, वाजवून दाखवायला आलाय तो."

आक्का जागीच होती. "रोज तेच बघून धीर धरत होते, वसू. तू आलीस आणि तेच पालथं घातलंस. वाटलं, मी वाचत नाही हे तुला डॉक्टरांनी सांगितलंय."

मला रडू आवरेना. चित्र सरळ केलं आणि दुसरं काही न सुचून, बोट ओलं करून देवदूताच्या कपाळी काचेवर कुंकू लावलं. मग जीभ चावली. "पुसू का गं?"

फिलोमिनानं चित्र पुन्हा उशाशी नीट टेकवलं. "राहू दे. माझ्या आईला चाललं असतं."

आक्का हसली. "ह्यांना सांग, तयार आहे मी."

ऑपरेशन पार पडलं. ती चालू लागल्यावर भाऊजींनी आम्हाला समुद्रावर नेलं. गरम खुबूस (तिथली भाकरीसारखी रोटी) आणि भाजलेला मासा खाताना ते पुन्हा पहिल्यासारखे बोलत सुटले.

भ्यायलेल्या डोळ्यांना व्हायोलिन दिसत नाही, एवढं मी त्या प्रवासात शिकले. नाशिकला परतल्यावर आक्काचा फोन आला. चित्र आता कुवेतच्याच एगैला भागात, एका आजारी मल्याळी बाईंच्या उशाशी गेलं होतं. हा लाल ठिपका कसला, असं त्यांनी विचारलं म्हणे.

फिलोमिना म्हणाली, "याआधी जिच्या उशाशी होतं ना, तिच्या बहिणीनं लावलाय. ती बरी झाली."