आमच्या वीराची लढाई शोधायला साल्हेरला गेले

माझं नाव पुढं करून कोणी 'नाही' म्हणायचं नाही. पाहुण्यांसमोर माझा लेक रमेश काय म्हणाला? "पोरीनं फौजेत जावं हे आमच्या आईलाच पसंत नाही हो." मला विचारलं होतं कोणी? मी तेव्हा मागच्या अंगणात गुलछडीच्या जुड्या बांधत होते. माझ्या तोंडातलं 'नाही' बाहेर कधी पडलं, मलाच कळलं नाही.

आता राम राम. मी चौथी शिकलेली, नाशिकजवळच्या मखमलाबादची. फुलं आणि भाजी हाच आमचा धंदा. मी हातानं लिहिते आणि माझी नात सोनल ते तिच्या ब्लॉगवर टाइप करते. एकही ओळ गाळायची नाही असा तिला दम दिला आहे, छापलेलं मी परत वाचते.

ही सोनल फौजेत अफसर व्हायचं म्हणते. लेखी परीक्षा पास झाली, मुलाखतीला भोपाळला बोलावलं आहे. पण बापाच्या होकाराशिवाय भोपाळची गाडी धरणार नाही म्हणते. बाप माझ्या पदराआड लपला. मी म्हटलं, माल बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही. आधी लढाई काय असते ते बघून येते, मग बोलेन.

बघायचं कुठं, हे ठरलेलंच होतं. आमच्या देव्हाऱ्यात चांदीचा टाक आहे, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. तो आमचा वीर, लढाईत पडलेला पूर्वज. धुळवडीला त्याला खोबऱ्याच्या वाटीत बसवून वाजतगाजत गोदावरीवर नेतात आणि आंघोळ घालतात. वाटी धरायचा मान रमेशचा. गुलालानं माखून असा नाचतो की ओळखू येत नाही. माझी सासू सांगायची, वीर साल्हेरला पडला. नाव मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी सोनलला घेऊन जवळचंच केलं, लष्कराच्या कॅम्पातलं तोफांचं म्युझियम. जाणार असाल तर ओळखपत्र न्या आणि कधी उघडं असतं ते आधी विचारून घ्या, नाहीतर गेटवरूनच परत याल. आत तोफाच तोफा. पितळी, लोखंडी, काही घराएवढ्या. एकीच्या नळीवर मी हात ठेवला.

"मावशी, हात नका लावू," हवालदार म्हणाला.

"लावला तर उडेल का?"

"नाही, पण नियम आहे."

"मग नियम सांग. घाबरवतोस कशाला?"

तो हसला आणि मग आमच्याबरोबरच फिरला. मी विचारत गेले. चिखलात ही धूड ओढतं कोण? उन्हात तापली तर हात कुठं ठेवायचा? कानाचं काय होतं? तो न कंटाळता सांगत होता. शेवटी म्हटलं, "आणि माणूस मेला, तर घरी कोण सांगतं?"

तो म्हणाला, "अफसर स्वतः जातात मावशी. कुठं गेला, कसा गेला, सगळं सांगतात. नाव दगडावर कोरतात."

"आणि ते सांगायला जायचं काम हिच्यावर आलं तर?" मी सोनलकडं बोट केलं.

"तर ह्यांनाच जावं लागेल."

सोनलचा चेहरा उतरला. बरं झालं. तेही माहीत हवं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप केली, साडेचार हजारात, डिझेल जीपवाल्याचं. दिंडोरी रस्त्यानं निघालात की रामशेजचा किल्ला दिसतो, गुडघे धड असतील तर चढा. आम्ही वणीला मिसळ खाल्ली, तिखट होती पण रस्सा परत मागितला तर तोंड वाकडं न करता वाढला. पुढं कळवण, सटाणा, ताहाराबाद. तिथून रस्ता अरुंद होतो आणि खड्डे मोजायची इच्छा राहत नाही. डबा आणि पाणी घरून न्या.

साल्हेर दिसला आणि मान दुखली, एवढा उंच. पण मराठ्यांची आणि मुघलांची मोठी लढाई गडावर नाही, खाली मोकळ्या रानात झाली म्हणतात. मी रान शोधत गेले, तर समोर कांद्याची लागण चाललेली. ना पाटी, ना दगड. एक बाई वाफ्यात बसून रोपं लावत होती.

"कोठेन उनात, माय?" तिनं विचारलं.

"नाशिकहून. लढाई बघायला."

"मंग उशीर झाया," ती म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं.

मला नुसतं उभं राहून बोलता येत नाही. रोपांची जुडी उचलली, तिच्या शेजारी बसले आणि लावू लागले. सोनलला म्हटलं, तूही बस. बोलता बोलता आमच्या वीराचं सांगितलं.

"आमना घर बी वीर शे," ती म्हणाली.

"नाव काय त्याचं?"

"वीर. नाव कोनलेच माहीत नही."

म्हणजे ह्या मातीजवळ राहणाऱ्यांनाही माहीत नाही. पडला, तेव्हा त्याच्या आईला कोणी सांगितलं असेल? की ती रोज संध्याकाळी वाट बघत बसली असेल? वाफा संपेपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच होतं. सोनल एकदम म्हणाली, "आजी, सांगायला मी जाईन. कोणीतरी जायलाच हवं ना."

रोप वाकडं लावलंस, एवढं म्हटलं.

घरी आलो तर रमेश ओट्यावर. "बघितलीस का लढाई?"

"कांदे बघितले," म्हटलं.

त्या प्रवासातलं माझ्याजवळ काय राहिलं? नखातली माती दोन दिवस, आणि बिननावाचे ते दोन वीर. भीती मलाही वाटते, पोर माझी आहे. पण माल बघून आले, आता भाव बोलते. माझा होकार आहे, आणि तो इथं सगळ्यांदेखत लिहिला आहे. म्हणून रमेश, माझ्या नावावरचं 'नाही' संपलं. मेलेल्या वीराला डोक्यावर घेऊन नाचतोस ना, मग आज दिवा लावताना त्याच्यासमोर उभा राहा आणि काय ते तुझ्या तोंडानं पोरीला सांग. सुनेनं मधे बोलायचं नाही, सोनलनं बोलायचं नाही, पाहुण्यांनी तर नाहीच. उत्तर तूच द्यायचं.