व्याह्यांचं स्कॉटलंड

माझा नवरा आणि आमचे व्याही पाच आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याला कारण होतं स्कॉटलंड. दोघांपैकी एकानंही स्कॉटलंड पाहिलेलं नाही. व्याही फार तर तिरुपतीपर्यंत गेलेत, आणि माझ्या नवऱ्याला कात्रजचा घाट ओलांडला की गाडी लागते.

आमची मुलगी आणि जावई एडिंबरोला राहायला गेले त्याला चार वर्षं झाली होती. तिथे रीतसर राहणाऱ्या परदेशी माणसालासुद्धा स्कॉटलंडच्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. एका रविवारी फोनवर मुलगी सहज म्हणाली की आमची मतदानाची कार्डं आली. जावयानं मागून सांगितलं की सगळी निवडणूक एकाच गोष्टीभोवती फिरतेय. स्कॉटलंडनं ब्रिटनमधून वेगळं व्हायचं का, आणि ते ठरवायला पुन्हा एकदा सार्वमत घ्यायचं का. मग दोघांनी नव्या पडद्यांचं कापड दाखवलं आणि फोन ठेवला.

मुलं दोघांच्या आईवडिलांशी एकदमच बोलायची, म्हणून दर रविवारी व्याही आणि विहीणबाई आमच्याकडे यायचे. येताना घरच्या म्हशीचं दूध आणायचे. मी कात्रज डेरीच्या दोन पिशव्या आधीच घेऊन ठेवलेल्या असायच्या, त्यामुळे सोमवारी आमच्याकडे न चुकता खरवसासारखं काहीतरी व्हायचं आणि ते कधीच खरवस नसायचं. त्या रविवारी फोन ठेवल्यावर व्याही म्हणाले, "इचारू द्या की परत. इचारायला काय जातंय?"

नवऱ्यानं चष्मा पुसला. तो पाटबंधारे खात्यात पत्रव्यवहार बघायचा, बत्तीस वर्षं. चष्मा पुसला की मुद्देसूद उत्तर येतं हे मला माहीत होतं. तो म्हणाला की एकदा विचारून झालेलं आहे, लोकांनी नाही म्हणून सांगितलेलं आहे. तेव्हा वेगळं व्हा म्हणणारेच सांगत होते की अशी संधी पिढीतून एकदाच येते. आता पिढी संपायच्या आत पुन्हा कसं विचारता?

व्याह्यांनी आठवडाभर अभ्यास केला. कुठून केला कोण जाणे, पण पुढच्या रविवारी आले ते तयारीनंच. तेव्हा लोकांना सांगितलं होतं की ब्रिटनसंगं राहिलात तर युरोपात राहाल, म्हणाले. ते राहिले. मग ब्रिटननं युरोपच सोडलं. आता नोकरी बघून पसंत केलेल्या नवऱ्यानं नोकरीच सोडली तर बायकोनं परत इचार करायचा का न्हाय? माझ्या नवऱ्यानं मग न्यायालयाचा निकाल काढला. लंडनच्या संसदेच्या संमतीशिवाय असं सार्वमत घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलेलं आहे. व्याही म्हणाले, "म्हंजी घर सोडायचं का, हे घरात एकमेकाला इचारायलाबी घरमालकाची परवानगी."

मला वाटलं, चला, दोन म्हाताऱ्यांना विषय मिळाला. त्या दोघांना आधी विषयच नव्हता. लग्नात हुंड्याचा नाही, मानपानाचा नाही, कसलाच वाद झाला नव्हता, आणि त्यामुळे चार वर्षं ते हवामानावर बोलत होते.

पण हा विषय व्याह्यांना का लागला, ते मला उशिरा कळलं. त्यांचं गाव खराडीच्या पुढे. काही वर्षांपूर्वी ते पुणे शहराच्या हद्दीत घेतलं गेलं, आणि आमचे व्याही त्या गावचे शेवटचे सरपंच. एके दिवशी एक कारकून आला, त्यानं ग्रामपंचायतीचं दप्तर, शिक्का आणि कपाटाची किल्ली ताब्यात घेतली आणि व्याह्यांना पोच दिली. ती पोच त्यांनी लॅमिनेट करून ठेवली आहे. माझ्या नवऱ्यानं ती पाहिली होती. त्यानं एवढंच म्हटलं होतं की पोचेवर जावक क्रमांक नाही.

तिसऱ्या रविवारी घोळ झाला. व्याही म्हणाले की आमच्या गावाला तर एकदाबी न्हाय इचारलं. आणि माझा नवरा बोलून गेला, "गाव शहरात आलं म्हणून जमिनीला भाव आला, मुलगा परदेशात शिकला. नाहीतर आज कांदे काढत बसला असतात." पुण्यात अशा वाक्याला स्पष्ट बोलणं म्हणतात. व्याह्यांनी अर्धा भरलेला कप बशीत ठेवला, विहीणबाईंना "चला" म्हणाले आणि गेले. दुधाचा डबाही परत घेऊन गेले.

पुढचे रविवार मुलांनी दोन वेगवेगळे फोन केले. मी आणि विहीणबाई मात्र रोज बोलत होतो. तुमचे काय करतात, असं त्या विचारायच्या. मी सांगायची, कात्रणं कापून वहीत चिकटवतात. तुमचे? एकदा त्या म्हणाल्या, "फ्लेक्स करायला गेल्यात."

मला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस असेल. दोन दिवसांनी त्यांनी फोटो पाठवला. खराडीच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या चौकात, वीस फूट लांब. वर लिहिलं होतं, "स्कॉटलंडच्या जनतेला पुन्हा एकदा विचारलेच पाहिजे." खाली "समस्त ग्रामस्थ" आणि चौदा जणांचे फोटो, काहींनी गॉगल घातलेले. मधोमध आमचा जावई, लग्नातल्या शेरवानीत. एका बाजूला निळ्यावर पांढरी फुली असलेला झेंडा, दुसऱ्या बाजूला मोठं घड्याळ.

नवऱ्यानं फोटो मोठा करून पाहिला. "घड्याळ लंडनचं आहे," तो म्हणाला, आणि भांडणानंतर त्या दिवशी प्रथमच त्याला नीट भूक लागली.

हे सगळं इथेच थांबलं असतं. पण त्या चौकात रोज गाड्या अडकतात, आणि एका गुरुवारी जी गाडी अडकली तिच्यात एक खराखुरा स्कॉटिश माणूस बसलेला होता. पन्नाशीचा इंजिनिअर, खराडीतल्या कुठल्याशा कंपनीच्या कामाला आठ दिवसांसाठी आलेला. त्यानं आपला झेंडा ओळखला. वर काय लिहिलंय म्हणून ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर व्याह्यांच्या भावकीतलाच. त्यानं मजकूर तर सांगितलाच, शिवाय फ्लेक्स लावणाऱ्याचं घर पाच मिनिटांवर आहे हेही सांगितलं.

दुपारी साडेतीनला आमचा फोन वाजला. व्याही. त्यांनी पाच आठवड्यांचा उल्लेखही केला नाही. म्हणाले, "स्कॉटलंडचा पाव्हणा दारात आलाय. विंग्रजी तुमचंच चांगलं. गाडी पाठवतोय."

नवरा दोन मिनिटं खुर्चीत बसून राहिला. मग उठून इस्त्रीचा शर्ट घातला.

आम्ही पोचलो तोवर पाहुण्याला फेटा बांधून झाला होता. व्याह्यांच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं जमली होती, फ्लेक्सवरचे बहुतेक सगळे, इथे मात्र गॉगलशिवाय. पाहुणा सोफ्याच्या कडेला बसून दोन्ही हातांनी पोह्यांची बशी धरून होता. चेहरा फेट्याइतकाच लाल. विहीणबाई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाल्या की मिरची घातलीच न्हाय, तरी त्यो रडतोय. मी बाहेर येऊन नवऱ्याच्या मागे उभी राहिले.

व्याही बोलायला उठले. सरपंच म्हणून त्यांनी केलेली भाषणं मी कधी ऐकली नव्हती. आवाज न चढवता ते एकेक वाक्य बोलायचे, थांबायचे, आणि माझा नवरा ते इंग्रजीत सांगायचा. आमच्या गावाला सातशे वर्षं नाव हाय. आता त्याला प्रभाग म्हणत्यात, नंबर हाय. आमचं वाईट झालं असं मी म्हणत न्हाय. रस्ता झाला, जमिनीला भाव आला, माझे व्याही म्हणत्यात ते बरोबर हाय. पण माझ्या हातात एक पोच देऊन मला घरी पाठवलं. एक दिवस गावाला चावडीवर बोलवून इचारलं असतं, तर आमीबी कदाचित हो म्हणलो असतो.

मी नवऱ्याकडे बघत होते. त्यानं काहीही गाळलं नाही. "माझे व्याही म्हणत्यात ते बरोबर हाय" हेसुद्धा त्यानं जसंच्या तसं सांगितलं, फक्त तिथे चष्मा पुसला. मग व्याही पाहुण्याला म्हणाले, "ह्ये माझे व्याही. ह्यांचं मत माझ्या उलट हाय. पण भाषांतर चोख करतील, मला खात्री हाय." नवऱ्यानं तेही सांगितलं.

मग पाहुणा उठला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं बशी कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघितलं, एकानं ती घेतली. तो बराच वेळ बोलला आणि माझा नवरा शेवटपर्यंत ऐकत राहिला. मला इंग्रजी समजतं, पण त्याचे उच्चार मला अर्धेच लागले. हॉलमधली माणसं नवऱ्याकडे बघत होती. आभार मानले असणार, असं गृहीत धरून दोघांनी आणखी थोड्या टाळ्या वाजवून घेतल्या.

नवऱ्याला तेव्हा काहीही सांगता आलं असतं. पाहुणा आपला आभारी आहे, एवढंच त्यानं सांगितलं असतं तरी कार्यक्रम नीट पार पडला असता.

त्यानं सांगितलं ते असं. पाहुण्यानं मागच्या वेळी वेगळं होण्याच्या विरोधात मत दिलं होतं. त्याच्या वडिलांनी बाजूनं. निकालाच्या सकाळी त्यानं वडिलांना फोन केला आणि म्हणाला, "झालं, विषय संपला." इथे माझा नवरा थांबला. मग पुढे म्हणाला की तेव्हापासून बापलेक फक्त फुटबॉलवर बोलतात, आणि वडील आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यानं या फ्लेक्सचा फोटो आजच वडिलांना पाठवलाय. एरवी वडील एका शब्दात उत्तर देतात. आज त्यांनी विचारलंय की खालची चौदा माणसं कोण आहेत.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

व्याह्यांनी विचारलं, "आन आता? आता मत काय हाय ह्यांचं?"

नवऱ्यानं विचारलं. पाहुण्यानं फेट्याला हात लावत, अगदी संकोचून, उत्तर दिलं. नवऱ्यानं सांगितलं, "अजूनही विरोधातच आहे. माफ करा म्हणतायत."

सत्काराची शाल घडी घालून टीपॉयवर ठेवलेली होती. चौदातल्या एकानं ती हळूच उचलून मागे नेली. व्याह्यांनी ती त्याच्या हातातून परत घेतली.

"सत्कार ठरलाय," ते म्हणाले. "मत इचारून सत्कार ठरला नव्हता."

आणि त्यांनी पाहुण्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. पाहुण्याला वाटलं नारळ फोडायचा असतो. तो फोडण्यासाठी जागा शोधू लागला, तेव्हा चारपाच जणांनी त्याला धरून खाली बसवलं. वडिलांना सांगण्यासाठी त्यानं सगळ्या चौदा जणांची नावं माझ्या नवऱ्याकडून इंग्रजीत लिहून घेतली. कोण काय करतो तेही विचारलं. त्यात पाऊण तास गेला, कारण एकाला आपल्या नावापुढे "युवा नेते" हवं होतं आणि तो एकसष्ट वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो फिरला. खाली मजकूर होता, "स्कॉटलंडच्या थोर स्वातंत्र्यसैनिकाचा गावात सत्कार." व्याह्यांनी तो नवऱ्याला पाठवला. नवऱ्याला हे सहनच होईना. तो त्या ग्रुपमध्ये नव्हता, म्हणून त्यानं व्याह्यांना फोन करून सात ओळींचा खुलासा सांगितला. सदर पाहुणे स्वातंत्र्यसैनिक नसून अभियंता आहेत, आणि त्यांचे मत स्वातंत्र्याच्या विरोधात असल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. व्याह्यांनी तो शब्दन् शब्द ग्रुपवर टाकला. त्याला एकशे बारा अंगठे आले आणि तीन जणांनी "अभिनंदन" लिहिलं.

रविवारी व्याही आणि विहीणबाई पूर्वीसारखे आमच्याकडे आले, दुधाचा डबा घेऊन. कांद्यांबद्दल माझा नवरा काही बोलला नाही, माफी वगैरे त्याला जमत नाही. त्यानं फक्त व्याह्यांचा कप स्वतः भरून आणला, आणि आमच्या घरात तो कप भरतो हीच बातमी आहे.

फोन आला. मतदान होऊन गेलं होतं. दोघांनीही मत दिलं, मुलीनं सांगितलं. नवरा आणि व्याही एकदमच पुढे सरकले. कुणाला दिलं?

"मतदान गुप्त असतं, बाबा," ती म्हणाली. जावई मागून म्हणाला की तिनं मलासुद्धा सांगितलेलं नाही. मग ती पडद्यांबद्दल बोलायला लागली. शिवून आले होते, पण चार बोटं आखूड झाले होते.

फोन ठेवला. व्याही म्हणाले की हे काय बरोबर न्हाय, घरच्या माणसाला सांगायला काय हरकत हाय. माझा नवरा म्हणाला की पूर्णपणे सहमत आहे. तेवढ्यावर न थांबता दोघांनी मिळून, मला आणि विहीणबाईंना समोर बसवून, पाऊण तास आजच्या मुलांविषयी सांगितलं.