लोटननं न मोजलेलं चाक

लोटन माझा धाकटा भाऊ. शिरपूरच्या आसपास ट्रॅक्टरची मागची चाकं बदलावीत तर त्यानंच. कपाशीत चाकं आत हवीत, केळीत बाहेर. हा रिम काढतो, उलटा फिरवून लावतो, की झालं. मोजपट्टी लागत नाही. "माझे डोळेच पट्टी, अक्का," म्हणायचा. मी म्हणायचे, पट्टी कसली, नुसत्या गमजा!

त्याच्या लेकीचं, मोनालीचं लग्न नरडाण्याच्या नवीनशी ठरलं. पोरगा गुणी, पण जुन्या गाड्यांचं भारी वेड. एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेऊन तिचे मडगार्ड त्यानं फायबरचे, चांगले रुंद करून घेतले होते. लग्नाला त्याच गाडीतून यायचं होतं. आता त्या रुंद मडगार्डात जुनी बारीक चाकं कशी शोभणार? म्हणून गाडी घेऊन तो सासऱ्याच्या दारात आला. "नाना, चाकं तुम्हीच ठरवा."

झालं! लोटन जमिनीवर राहिना. नवीननं बिचाऱ्यानं नीट समजावलं. रिमची जी पाटी आसाच्या टोकाच्या हबला टेकते, ती रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे, तो ऑफसेट. त्या पाटीपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. ते कमी असलं तर चाक बाहेर येतं, जास्त असलं तर आत जातं. "गाडीत माणसं बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून मोजा, नाना," असं सांगून गाडी ठेवून तो गेला.

लोटन रिकाम्या गाडीपाशी उकिडवा बसला, वीत लावली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बॅकस्पेसिंग कमीत कमी घ्यायचं. चाक फारच बाहेर आलं तर रिम उलटा करू." मी म्हटलं, "अरे, मोज तरी!" तर मला म्हणतो, "अक्का, तू भाकरी थाप." असा संताप आला होता मला!

चाकं आली ती लग्नाच्या तोंडावर. उभ्या गाडीला झकास दिसली. जावई ती तशीच घेऊन गेला. वरातीत गाडीत नवरदेव, करवली, मागे दाटीवाटीनं बसलेले मित्र. आमच्या गल्लीच्या वळणावर गतिरोधक आहे. तिथे गाडी वजनानं खाली बसली आणि टायर मडगार्डला भिडला. कर्रर्र! फायबर तडकलं, जळक्या रबराचा वास सुटला, बँड थांबला.

लोटन धावला. "रिम उलटा करा!" नवीनचा एक मित्र म्हणाला, "नाना, हा ट्रॅक्टर नाही. हा रिम एकाच बाजूनं बसतो." लोक खो खो हसले.

नवीनचे वडील, धनसिंग आबा, पोरावरच तापले. "मोजमाप येत नाही अन् हौस पाहा याची! चार गावांत नाक कापलं!" नवीन एवढंच म्हणाला, "माझंच माप चुकलं, आबा." लोटन शेजारीच उभा होता. त्यानं मान खाली घातली, पण तोंडातून शब्द काढला नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नवरदेव मांडवापर्यंत चालत आला, वाटभर बापाची बोलणी खात.

मग जावयाचे पाय धुवायची वेळ आली. लोटनच्या बायकोनं, बेबाबाईनं, तांब्याची धार धरली. लोटननं नवीनचा पाय ताटात घेतला. वर न बघताच तो म्हणाला, "आबा, पोराचं काही चुकलं नाही. मी मापच घेतलं नव्हतं."

नवीन हळूच म्हणाला, "राहू द्या ना, नाना."

धनसिंग आबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग तव्हा का बरं नही बोलनात?"

बेबाबाईचा तांब्या रिकामा झाला होता. तरी लोटन त्याच धुतलेल्या पायावरून हात फिरवत राहिला.